विषय: 150-600 मिलिमीटरच्या कॅमेरा लेन्सची सॉफ्ट (पुसट) उजवी बाजू आणि तुमच्या प्रतिनिधीने दिलेला ‘जवळ जाऊन काढा’ हा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

महोदय,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला केलेला फोन शेवटचा. यापुढे जे काही असेल ते लेखी.

लेन्स तुम्हीच बनवली आहे, तेव्हा तिची ओळख करून देत नाही. बिघाड सांगते. 600 मिलिमीटरला, म्हणजे सगळ्यात लांबच्या झूमला, एफ 6.3 वर, म्हणजे प्रकाश आत घेणारं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, फ्रेमची उजवी बाजू सॉफ्ट येते. मधला भाग शार्प आहे, डावी कड शार्प आहे, उजवीकडचा साधारण तिसरा हिस्सा पुसट. 300 पर्यंत फारसं जाणवत नाही, 400 च्या पुढे दिसायला लागतं आणि 600 ला लपत नाही. पहिल्या ईमेलपासून मी हेच लिहिते आहे. तुमच्याकडून आलेल्या एकाही उत्तरात ‘उजवी’ हा शब्द नाही. फोटो हलला असेल, हवा तापली असेल, समोर फिल्टर असेल, कॅमेऱ्याच्या बॉडीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल, ही सगळी कारणं मला सांगून झाली. हात हलला तर सगळी फ्रेम हलते. तापलेल्या हवेने चित्र थरथरलं तर ते सगळीकडे थरथरतं, एकच बाजू धरून बसत नाही. फिल्टर मी लावतच नाही, हेही पहिल्याच ईमेलमध्ये होतं.

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून पक्षी आणि प्राण्यांचे फोटो काढतो. सगळे हौशी, प्रत्येकाचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा. आमच्यातल्या दोघांकडे हीच लेन्स आहे, आणि त्यांच्याकडची पाहूनच मी ती घेतली. म्हणून शंका आल्यावर पहिल्यांदा तुम्हाला फोन केला नाही, आधी आपापसात तपासून पाहिलं. ढगाळ सकाळ, विटांची सपाट भिंत, ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, शटरला दोन सेकंदांचा टायमर. मध्यावर फोकस करून एक फोटो, मग चारही कोपऱ्यांवर वेगवेगळा फोकस करून एकेक, म्हणजे प्रतिमेचा फोकस वक्र पडतो म्हणून कडा जातात असं कोणी म्हणायला नको. त्यानंतर कॅमेरा उलटा, म्हणजे वरची बाजू खाली, करून तेच सगळं पुन्हा. भिंत तिरकी असती तर सॉफ्ट बाजू उजवीकडून डावीकडे गेली असती. ती फ्रेमच्या उजवीकडेच राहिली. मग मैत्रिणीची लेन्स माझ्या बॉडीवर लावली, चारही कोपरे सारखे आले. माझी लेन्स तिच्या बॉडीवर लावली, उजवी बाजू पुन्हा सॉफ्ट. एवढ्यावरून बॉडीचा दोष नाही, भिंतीचा नाही, हाताचा तर नाहीच, हे कुणालाही कळेल. आतला एखादा एलिमेंट, म्हणजे काचेचं भिंग, जागेवरून सरकलेला किंवा कललेला आहे. याला डिसेंटरिंग म्हणतात, हे तुमच्या तंत्रज्ञांना मी सांगायची वेळ यायला नको होती. सगळ्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइली, तुम्हाला पाठवल्या. त्या कुणी उघडून पाहिल्याची एकही खूण मला आजवर दिसलेली नाही.

लेन्स तुमच्या सर्व्हिस सेंटरला गेली आणि परत आली. जॉब शीटवर एक ओळ: ‘फोकस तपासला, स्वच्छता केली, दोष आढळला नाही, निकषांत बसते.’ निकष कोणते, ते लिहिलेलं नाही. मी मागितल्यावर तपासणीचा नमुना म्हणून एक फोटो ईमेलने आला. तो मी उघडला, त्याचा एक्झिफ, म्हणजे फाइलीतच नोंदलेली कॅमेऱ्याची सेटिंग्ज, पाहिला. फोकल लेंग्थ 150 मिलिमीटर, अ‍ॅपर्चर एफ 11.

तक्रार 600 ची, तपासणी 150 वर. तक्रार पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरची, तपासणी एफ 11 वर, जिथे अ‍ॅपर्चर बंद केल्यामुळे असला दोष बराचसा झाकला जातो. आणि या फोटोच्या आधारावर तुम्ही मला ‘दोष आढळला नाही’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंत. शिवाय परत आलेल्या लेन्सच्या ट्रायपॉड फूटचा एक स्क्रू गायब होता. त्याबद्दल विचारल्यावर ‘तुम्ही पाठवलीत तेव्हाच नव्हता’ असं उत्तर मिळालं. लेन्स जमा करताना मी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते, त्यात तो स्क्रू स्पष्ट दिसतो. सोबत जोडले आहेत.

आता आजच्या फोनबद्दल. बऱ्याच वेळाने तुमच्या प्रतिनिधीने फोन उचलला. माझी जुनी नोंद त्यांच्यासमोर होती, तरी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही प्रोफेशनल आहात का?” मी म्हटलं, नाही. “मग भिंतीचे फोटो काढून कशाला बघता? पक्षी मधोमध ठेवायचा. मधे तर शार्प येतोय ना?” मी म्हटलं, लेन्स पूर्ण फ्रेमची विकली आहे, दोन तृतीयांश फ्रेमची नाही. त्यावर ते म्हणाले, एफ 11 वर काढून बघा, कडा सुधारतील. मी त्यांना हिशेब सांगितला: 6.3 वरून 11 वर गेलं की प्रकाश तिसऱ्या हिश्शावर येतो. 1/2000 चा शटर 1/640 च्या आसपास उतरतो आणि उडणाऱ्या पक्ष्याचे पंख पुसले जातात. शटर तोच ठेवायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, 1600 वरून 5000 वर न्यावा लागतो. पहाटेच्या उजेडात, जेव्हा पक्षी सगळ्यात जास्त हालचाल करतात, तेव्हा एवढा प्रकाश सोडून देणं परवडत नाही. यावर थोडा वेळ शांतता. मला वाटलं, टिपून घेत असतील. मग ते म्हणाले, “एवढं 600 ला कशाला जाता? 300 ला ठेवा आणि पक्ष्याच्या थोडं जवळ जाऊन काढा. बाकीचे काढतात की.”

मी पुन्हा विचारलं, जवळ जाऊन म्हणजे? “म्हणजे पुढे जा ना मॅडम, हळूहळू. उडाला तर दुसरा मिळेल.”

हे वाक्य तुमच्या कंपनीच्या अधिकृत हेल्पलाइनवर बोललं गेलं आहे. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा तो काढून ऐका.

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला आणि मला मधेच तोडलं गेलं, म्हणून इथे पूर्ण लिहिते. चिखल्यासारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा, आणि अंडी अशा रंगाची की आजूबाजूच्या खड्यांत ती दिसतच नाहीत. माणूस जवळ आला की पक्षी उठतो, थोड्या अंतरावर जाऊन एक पंख जमिनीवर लोळवत, मोडल्यासारखा ओढत चालतो, म्हणजे आपण त्याच्या मागे जावं आणि अंड्यांपासून दूर व्हावं. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, काय सुंदर पोज दिली. तो फोटो काढत बसतो आणि तेवढा वेळ अंडी उघडी राहतात, उन्हात तापतात, थंडीत गार पडतात, कावळ्यांच्या नजरेला पडतात. एक पाऊल चुकीचं पडलं तर अंडी पायाखाली. स्थलांतर करून आलेले किनाऱ्यावरचे पक्षी विश्रांतीला बसलेले असतात, त्यांना पुन्हा पुन्हा उडवलं तर पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात खर्च होते. ‘उडाला तर दुसरा मिळेल’ हे म्हणायला सोपं आहे, त्याची किंमत पक्षी देतो.

आमच्या गटाचा पहिला नियम हाच आहे की पक्ष्याने आपली दखल घेतली, मान ताणली, चरणं थांबवलं, तर आपण थांबायचं आणि मागे यायचं. कुणीही नवीन आला की त्याला आधी हे शिकवतो, कॅमेऱ्याची सेटिंग्ज नंतर. फोटो हुकला तरी चालतो. 600 मिलिमीटरची लेन्स माणूस यासाठीच घेतो. एवढं वजन खांद्यावर वागवण्याचं दुसरं कारण नाही. तुमच्या स्वतःच्या माहितीपत्रकात ‘प्राण्यांना त्रास न देता, सुरक्षित अंतरावरून’ असं ठळक छापलेलं आहे. ते अंतर तुम्ही विकलंत. आणि ते काम करेनासं झालं की जवळ जा म्हणता?

‘मधोमध ठेवा’ या सल्ल्याबद्दलही लिहायलाच हवं, कारण तो देणाऱ्याला या छंदात लोक काय करतात याची कल्पनाच नाही. आम्ही काढलेल्या फोटोंवरून नोंदी ठेवतो. पक्ष्यांच्या नोंदींचं ईबर्ड हे संकेतस्थळ 2002 पासून आहे, सगळ्या सजीवांच्या नोंदींचं आयनॅचरलिस्ट 2008 पासून. जगभरातले हौशी लोक तिथे फोटोसकट नोंदी टाकतात आणि अभ्यासक त्या वापरतात. एखादी वेगळी नोंद टाकली की तपासणारा पहिल्यांदा फोटो मागतो. चिखलावर छोट्या टिलव्यांचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या चिमुकल्या पक्ष्यांचा, थवा चरत असतो, त्यात एखादा टेमिंकचा टिलवा मिसळलेला असतो. आकार जवळपास सारखा. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्याचे पिवळसर. ओळखायला एवढी काडीएवढ्या पायांची खूण, आणि पक्षी थव्यात कुठे उभा आहे हे आपण ठरवत नाही. तो उजवीकडे उभा असला की माझ्या फोटोत पायांच्या जागी राखाडी धूसर पट्टा येतो. मैत्रिणीने माझ्या शेजारी उभं राहून त्याच थव्याचा काढलेला फोटो पाहिला की पायांचा रंग सांगता येतो. त्या दोन्ही फ्रेम एकमेकींशेजारी ठेवून तुम्हाला पाठवल्या आहेत. थवा मोजायचा असतो तेव्हाही कडेपासून कडेपर्यंत सगळी फ्रेम लागते.

फोकस थोडा चुकला असेल, हाही तुमचा एक खुलासा होता. 600 ला, एफ 6.3 वर, दहा मीटरवरच्या पक्ष्यासाठी फुल फ्रेमवर शार्प दिसणारी खोली जेमतेम 10 सेंटिमीटर असते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून तर भिंतीवर तपासलं. फोकस चुकला तर दुसरं काहीतरी शार्प येतं, पुढचं गवत किंवा मागचा दगड. इथे उजवीकडे पुढचंही शार्प नाही आणि मागचंही नाही.

तुमच्या कंपनीवर माझा राग नव्हता, आणि हे मी मनापासून लिहिते. आमच्या गटात तुमच्या लेन्स एकाने दुसऱ्याला सांगून आल्या. जाहिरात पाहून कुणी घेतली नाही. सोबतच्याने स्वतःची लेन्स गळ्यातून काढून ‘घे, दिवसभर वापरून बघ’ म्हणून हातात दिली, तशी ती विकली गेली. नवीन येणारे अजूनही आम्हालाच विचारतात, काय घेऊ? आता मी त्यांना भिंतीचे फोटो दाखवते, तुमचा 150 आणि एफ 11 वाला नमुना दाखवते आणि जॉब शीट वाचायला देते. काय घ्यायचं ते त्यांनी ठरवावं.

लेन्समध्ये दोष निघू शकतो. इतके एलिमेंट, सरकणारे ग्रुप, कुरियरचे धक्के, एखादी लेन्स बिघडलेली निघणार. त्याबद्दल मी ओरडले नसते. पण 600 ची तक्रार 150 वर तपासायची, आणि मग हौशी आहात म्हणून चालवून घ्या, असं सांगायचं, हे मी चालवून घेणार नाही. व्यावसायिक छायाचित्रकाराला तुम्ही हेच सांगितलं असतं का? आम्ही पैसे कमी दिले नव्हते.

माझ्या मागण्या लिहून ठेवते. लेन्स बदलून द्या. ते जमत नसेल तर तिचं ऑप्टिकल अलाइनमेंट करा आणि त्यानंतर 600 मिलिमीटरला, एफ 6.3 वर काढलेल्या चारही कोपऱ्यांच्या रॉ फाइली, एक्झिफ न पुसता, मला पाठवा. लेन्स जेवढा काळ तुमच्याकडे पडून होती तेवढी वॉरंटी वाढवून द्या. ट्रायपॉड फूटचा स्क्रू द्या. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची लेखी खात्री द्या. आणि ‘जवळ जाऊन काढा’ असा सल्ला कुठल्याही ग्राहकाला यापुढे दिला जाणार नाही, अशी सूचना तुमच्या कर्मचाऱ्यांना काढा. माझी लेन्स दुरुस्त झाली तरी ही शेवटची मागणी मी सोडणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सगळी कागदपत्रं, फाइली आणि तुमचा तो नमुना फोटो घेऊन मी ग्राहक आयोगात जाईन. गटातले दोघे त्यांच्या लेन्स घेऊन सोबत यायला तयार आहेत, तुलना तिथेच करून दाखवता येईल.

मला फोन करू नका. ईमेल करा, आणि उत्तरात उजव्या बाजूबद्दल लिहा.

आपली ग्राहक

सोबत: भिंतीवरच्या चाचणीच्या रॉ फाइली, टिलव्यांच्या थव्याच्या दोन फ्रेम, जॉब शीटची प्रत, तुम्ही पाठवलेला नमुना फोटो, लेन्स जमा करतानाचे फोटो.