शिधा सुगीत भरा, अफवा उठल्यावर नको

मा. संपादक,

अमळनेरला वडिलांपासून आमचं किराणा दुकान आहे. माल खपण्यातच माझा फायदा. तरी गिऱ्हाइकांना जाहीर विनंती करतो की घरात पंधरा दिवसांचा शिधा जरूर ठेवा, पण तो होळी ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दरम्यान भरा. संकट दारात आल्यावर दुकानावर तुटून पडू नका.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, त्या रात्री ऐपतवाल्या घरांतली माणसं तेलाचे डबे आणि तूरडाळीचे कट्टे गाडीवर घालून घेऊन गेली. सकाळी हमालाची बायको पन्नासची नोट मुठीत धरून उभी होती. "भाऊ, तेल शे का?" सुटं तेल संपलं होतं. रोज कमवून रोज खाणाऱ्याची कोठी म्हणजे आमचं दुकान. ती आपण एका रात्रीत रिकामी केली, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्याला जमतं त्यानं आधीच भरून ठेवलं, तर अशा वेळी त्याला दुकानात यावंच लागणार नाही.

चार माणसांच्या घराला पंधरा दिवसांना पंचवीस किलो गहू-दादर (रब्बी ज्वारी), चार किलो डाळ, दोन-अडीच लिटर तेल, मीठ, गूळ, शेंगदाणे, चहा-साखर एवढं पुरतं. आपल्या आया उन्हाळ्यात वर्षाचं भरायच्या, पापड-कुरडया-बिबड्या करायच्या, त्यापुढे हे काहीच नाही. नव्या कॉलन्यांत घरं पक्की झाली, पण त्यांत कोठी ठेवायला जागाच सोडत नाहीत. मग पलंगाखाली दोन पत्र्याचे डबे ठेवा.

धान्य कडक उन्हात वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं की डब्यात आतून घाम धरतो आणि कीड लागते. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळावं, गव्हात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरानं घालावा. धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या विषारी गोळ्या मागायला लोक येतात. मी त्या ठेवत नाही आणि कोणी कुठूनही घरात आणू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

ठेवायचं कुठं, हेही महत्त्वाचं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं. माझ्या साडूच्या घरी खाली ठेवलेलं गव्हाचं पोतं फुगून उसवलं होतं आणि दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. शेगडीही चिखलात. माळ्यावरच्या डब्यातले मुरमुरे, शेंगदाणे आणि गूळ तेवढे उपयोगी पडले. म्हणून निम्मा शिधा उंचावर ठेवा आणि त्यात चूल न पेटवता खाता येईल असं काहीतरी असू द्या.

नळ आला की हंडे-टाक्या भरायचं खान्देशाला कुणी शिकवायला नको. पण पिण्याचं पाणी वेगळं, झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा. माणशी रोज तीन लिटर धरलं तर चौघांना पाच दिवसांना साठ लिटर लागतं. पुरात तेवढ्यावर निभावतं. दर खेपेला जुनं वापरून नवं भरा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळावंच लागतं.

आता पैसा. लाइट आणि नेटवर्क गेलं की मोबाइलमधले पैसे असून नसल्यासारखे. महिन्याच्या खर्चाइतकी रोकड शंभर-दोनशेच्या नोटांत घरात असावी. "सोनं आहे ना" म्हणून जळगाव जिल्ह्यात लोक निर्धास्त असतात, पण टाळेबंदीत सराफ बाजारही बंद होता. राहिलेली बचत बँकेत ठेवा, तिथं एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी अडीअडचणीचा पैसा तिथं अडकवू नये. आपल्या भागात बुडालेल्या ठेवींपायी किती म्हातारी माणसं कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत बसली, हे सगळ्यांनी पाहिलंय.

ज्यांना एकदम भरणं जमत नाही, त्यांच्यासाठी आम्हा दुकानदारांनी पुढं यावं. सुगीच्या भावानं गहू-दादर द्यावी, पैसे चार हप्त्यांत घ्यावेत, वर व्याज लावू नये. आमच्या दुकानात ही वही उघडली आहे. आपल्या दैनिकानं होळीपासून आखाजीपर्यंत बाजार समितीतले गहू, दादर आणि तुरीचे भाव रोज पहिल्या पानावर छापावेत, म्हणजे गिऱ्हाइकाला खरेदीची वेळ कळेल आणि दुकानदारालाही जास्त भाव लावता येणार नाही.

आपला,
एक किराणा दुकानदार, अमळनेर (जि. जळगाव)