आमच्या भुरीला घर मिळवून देणाऱ्या इस्त्रीवाल्या दादांना

इस्त्रीवाले दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची मुलगी तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल, तसं मी तिला सांगून ठेवलंय. समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" म्हणता, पुढचा शर्ट पसरता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. इंदिरानगरातल्या आपल्या गल्लीला कळू दे तुम्ही काय केलंत ते.

एप्रिलमध्ये आमच्या आधीच्या मालकांनी फ्लॅट विकायला काढला आणि आम्हाला दोन महिन्यांची मुदत दिली. मला वाटलं होतं, अंबडला पक्की नोकरी आहे, भाडं कधी एक दिवस चुकवलं नाही, मिळेल की घर. पण आमच्यासोबत भुरी आहे. अकरा वर्षांची गावठी कुत्री, मागच्या दोन्ही पायांत संधिवात. पहिल्याच एजंटाने "कुत्रं आहे का? मग अवघड आहे" म्हणून फोन ठेवला. पुढे पाथर्डी फाटा, म्हसरूळ, गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्या, सगळीकडे हेच. एका ठिकाणी टोकन दिलं, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलं. सोसायटीत चालत नाही म्हणे. एकाने सल्ला दिला, आधी सांगूच नका, सामान लागलं की गुपचूप आणा. अकरा वर्षांच्या जिवाला लपवून कुठे ठेवणार होते मी? आणि आमच्याच एका नातेवाइकांनी सांगितलं, आता म्हातारी झालीय, कुणाच्या तरी मळ्यावर सोडून द्या. त्या रात्री घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे द्यायला तुमच्या गाडीपाशी आले, तेव्हा भुरी सोबत होती. मी घराचं रडगाणं सांगत होते. तुम्ही ऐकत होतात, पण तुमची नजर तिच्या पायांवर होती. मग विचारलंत, "ताई, घरात हिचे मागचे पाय फाकतात का?"

दादा, तोपर्यंत मला पंचवीसएक लोकांनी प्रश्न विचारले होते. चावते का, भुंकते का, घाण करते का, केस गळतात का. भुरीला काय लागतं, हे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. आणि खरंच, गुळगुळीत टाइल्सवर तिला उठता येत नाही. पुढचे पाय टेकवते, मागचे दोन दिशांना सरकतात, आणि ती तशीच बसून माझ्याकडे बघत राहते. नव्या इमारतींत सगळीकडे तसल्याच टाइल्स. मी भाडं बघत होते, लिफ्ट बघत होते. फरशी बघायची मला सुचलंच नव्हतं.

तुम्ही म्हणालात, वीस वर्षं घरोघरी कपडे पोहोचवतोय, दार उघडलं की आधी फरशीच दिसते. मग उभ्या उभ्या बोटांवर मोजून सांगितलंत. या बिल्डिंगमध्ये तळमजला रिकामा आहे पण टाइल्स चकचकीत. त्या बिल्डिंगमध्ये फरशी चांगली पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. आणि कोपऱ्यावरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचं घर चार महिन्यांपासून बंद, मालक पुण्याला, घरभर बिनपॉलिशची शहाबादी फरशी, मागे छोटी गॅलरी. या घराची जाहिरात कुठल्याच ॲपवर नव्हती.

गॅलरी बघायला तुम्ही स्वतः आलात. वॉचमनकडून किल्ली घेतलीत, चप्पल बाहेर काढलीत आणि थेट गॅलरीत जाऊन उकिडवे बसलात. ग्रिलच्या दोन गजांमध्ये चार बोटं घालून पाहिलीत, मग भुरीच्या डोक्याशी ती बोटं धरलीत. "डोकं नाही जात," म्हणालात. मग फरशीवर तळहात घासून बघितलात. कोळशाच्या इस्त्रीने घट्टे पडलेला तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. भुरीने तिथेच दोन गिरक्या घेतल्या, बसली, आणि कुणाच्याही मदतीशिवाय उठली.

तरी सोसायटीचा प्रश्न होताच. माझ्याकडे फाइल तयार होती. लसीकरणाचं पुस्तक, दरवर्षीच्या रेबीजच्या नोंदी, नसबंदीचा दाखला, महापालिकेचा परवाना. शिवाय भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या पत्रकाची प्रत. सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्टमधून न्यायला मनाई करता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. (कुत्रा पाळणाऱ्यांनी माहीत करून घ्यावं असं ते पत्रक आहे. आपण विष्ठा उचलावी, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये, हेही त्यात आहे. पण घरमालकाने स्वतःचं घर कुणाला भाड्याने द्यावं यावर त्याचा उपयोग होत नाही, आणि माझे बहुतेक नकार मालकांकडूनच आले होते.) मी ती फाइल घेऊन सेक्रेटरी काकांकडे निघाले होते. तुम्ही थांबवलंत. "कागद पिशवीत राहू द्या, ताई. आधी भुरी बघू दे त्यांना."

आणि मग तुम्ही मला जे करायला सांगितलंत ते मी आता घर शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आठवडाभर रोज सकाळी साडेसहाला, रस्ता तापायच्या आत, त्याच बिल्डिंगसमोरून भुरीला पट्ट्याने फिरवायचं. कुणाशी मुद्दाम बोलायचं नाही. हातात कागद आणि पिशवी ठेवायची, तिने केलं की लगेच उचलायचं. लोक दूध घ्यायला, फुलं तोडायला खाली उतरतात, त्यांना दिसू दे.

पहिल्या मजल्यावरच्या आजींना लहानपणी गावी कुत्रा चावला होता, हे तुम्हालाच माहीत होतं. त्या रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. मीही भुरीला बाजूला घेऊन उभी राहायचे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. पाचव्या दिवशी त्या पलीकडे गेल्या नाहीत. फाटकाशीच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही लंगडते का?" मी म्हटलं, संधिवात आहे आजी. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कोणतं तेल लावतेस विचारलं. कुत्रीला तेल लावत नाहीत, गोळ्या असतात, एवढं सांगता सांगता मला रडू आलं.

सेक्रेटरी काकांनी फाइल नंतर पाहिली, शांतपणे पाहिली, आणि लसीच्या पुस्तकाची प्रत ठेवून घेतली. पत्रक काढावंच लागलं नाही. पुण्याच्या मालकांशी फोनवर तुम्हीच आधी बोललात, "माझी जबाबदारी" म्हणालात. असं कुणी कुणासाठी म्हणत नाही, दादा. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात "भाडेकरूसोबत एक पाळीव कुत्री राहील" अशी ओळ घालून घ्या, हेही तुमचंच. तोंडी ठरलेलं उद्या दुसऱ्या कुणाला आठवणार नाही, म्हणालात. ती ओळ करारात आहे, करार रजिस्टर झालाय.

एजंटाला दिलं असतं तेवढं, एका महिन्याचं भाडं, पाकिटात घालून मी तुमच्याकडे आणलं होतं. तुम्ही पाकीट हातातही घेतलं नाहीत. उलट सामान आलं त्या दिवशी दोन धुतलेली गोणपाटं घेऊन आलात, एक दाराशी आणि एक गॅलरीत टाकलंत, पावसाळ्यात शहाबादी गार पडते म्हणून. आता पाऊस सुरू झालाय आणि भुरी दाराशीच्या गोणपाटावरच झोपते, अंथरूण सोडून.

तुमच्या गाडीखाली झोपणाऱ्या काळ्याला मी आधी नीट पाहिलंच नव्हतं. तुम्हाला हे सगळं कसं कळतं, ते त्याच्याकडे पाहून कळलं. सात वर्षं तुम्ही त्याला डब्यातली अर्धी भाकरी देताय, हे तुमच्या मुलीने सांगितलं.

रविवारी सकाळी नऊला भुरीला तपासायला डॉक्टर घरी येणार आहेत. त्यांच्याशी बोलून ठेवलंय, काळ्याला रेबीजची लस त्याच वेळी देतील, त्याचं वेगळं पुस्तकही करू. पट्टा मी आणलाय. त्याला घेऊन या, आणि याचे पैसे विचारू नका.

तुमची,
कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधली, तळमजल्याची ताई
इंदिरानगर, नाशिक