कबूल म्हणण्याआधी

रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

ट्रॅफिकच्या त्या पाच चलनांबद्दलचे तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. पहिला कोर्टाच्या व्हरांड्यातच लावला, आणि स्पीकर चालू आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत दोन पक्षकार, एक हवालदार आणि आमचा नवा ज्युनिअर अशा सगळ्यांनी तो ऐकला. हॉस्टेल सुटल्यापासून इतक्या अस्सल शिव्या कानावर पडल्या नव्हत्या. ज्युनिअरने विचारलं, "सर, हे कुठल्या केसमधले?" म्हटलं, अजून केस झालेली नाही, होऊ नये म्हणून चाललंय.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. वहिनीला वाचून दाखव, ती तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकेल.

तिला आधी हे सांग की आलेला कागद समन्स नाही, वॉरंट तर नाहीच. लोकअदालतीची नोटीस आहे, तीही दाखलपूर्व. म्हणजे तुझ्यावर कोर्टात अजून काहीही दाखल नाही. दाखल व्हायच्या आत मिटवायचं असेल तर या, एवढंच बोलावणं. पोलीस दारात येणार नाहीत. तिथे तडजोड झाली की ती कायमची. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात कलम २१ आहे, त्याप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तिथे काय मान्य करतोस ते आधी ठरवून जायचं, रांगेत उभं राहून नव्हे.

आता तुझं "एक रुपया भरणार नाही, पाचही लढणार" आणि त्याच्या आदल्या मेसेजमधलं "जाऊ दे, पाचही भरून टाकतो". दोन्हीत चूक एकच आहे. तू पाच चलनांची एक जुडी बांधलीस. ती पाच वेगवेगळी आहेत, तीन वेगवेगळ्या गाड्यांची आहेत. मी रात्री जेवण झाल्यावर पाचही फोटो मोठे करून बघितले.

एक्स्प्रेस वेवरचं बघ. बोरघाटात कारला साठची मर्यादा, तू चौऱ्याऐंशीने उतरतोयस. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३, दंड हजार ते दोन हजार. फोटोत गाडी तुझी, नंबर तुझा, आणि मागच्या काचेला तुझ्याच गावच्या यात्रेचा स्टिकर. इथे काय लढणार? कॅमेऱ्याच्या चलनाला नियम आहेत. मोटार वाहन नियमांत १६७अ आहे, त्यानुसार स्वच्छ फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, कलम, सगळं असावं लागतं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही. कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर लावावी लागते. यातलं काही नसेल तर वकिलाला बोलायला जागा असते. तुझ्या चलनात सगळं आहे. पाटी तर मी स्वतः पाहिलीय. भर. हेल्मेटचंही भर. फोटोत हेल्मेट आहे, पण ते आरशाला लटकलंय, आणि कलम १२९ आरशाच्या डोक्याबद्दल नाही.

नो पार्किंगचं जुनं आहे, म्हणून त्यावर थोडं सांगतो, कारण पुढच्या महिन्यात तुला कोणीतरी अर्धवट ज्ञान देणारच. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, कैद नाही, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६८, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४. मुद्दा खरा आहे आणि मी तो वापरतोही. पण उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, आणि केस उभी राहिली नाही तरी चलन गाडीवर थकबाकी म्हणून दिसतच राहतं. कार विकायला काढलीस की गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच उघडून बघेल. पाचशे रुपयांसाठी मुदतीचा वाद घालणारा पक्षकार मला परवडतो, मित्र परवडत नाही. लोकअदालतीत मिटव.

मग राहिली दोन, आणि पत्र खरं त्यांच्यासाठी आहे.

सिग्नल तोडल्याचं जे चलन तुझ्या स्कूटरच्या नावावर आहे ते तुझं नाही. तुझी स्कूटर करडी, फोटोतली पांढरी. पाटीवरचा शेवटून दुसरा आकडा उन्हाच्या तिरिपीत आलाय. तो तीन आहे, कोणीतरी किंवा कशानेतरी आठ वाचला. हे तू भरायचं नाही. रक्कम किरकोळ असली तरी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं धोकादायक वाहन चालवण्यात, म्हणजे कलम १८४ मध्ये मोजता येतं, आणि त्याला कैदही आहे. जे आपण केलं नाही ते असल्या कलमाखाली आपल्या नावावर का घ्यायचं? आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाक. सोबत आरसीवरचा रंग दिसेल असा फोटो, गाडीचे चारही बाजूंनी फोटो, आणि त्या दिवशी तू ऑफिसात होतास त्याची हजेरी. बऱ्याचदा तिथेच रद्द होतं. नाही झालं तर कोर्ट.

कोर्टाला तू घाबरतोस तेवढं तिथे काही नसतं. सकाळी अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, सुरू होतो, पट्टेवाला पुकारा करतो, आणि पुकारा कधी होईल ते पट्टेवाल्यालाही माहीत नसतं. नाव आलं की पुढे जायचं. न्यायाधीश आरोपाचा सारांश सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? सगळी केस या एका प्रश्नात असते. "नाही" म्हटलंस की सिद्ध करायचं काम समोरच्याचं. त्यांना साक्षीदार आणावा लागतो, आणि त्याला फोटो दाखवून मी विचारू शकतो की बाबा, ही गाडी तुला करडी दिसते का. वकीलपत्र दिलंस तर प्रत्येक तारखेला तू यायची गरज नाही, मी गैरहजेरीचा अर्ज देतो. पण खोटं आश्वासन देत नाही: तारखा लागतात. तीन लागतील, पाचही लागतील. तुझ्या शहरातल्या कोर्टात मी येणार म्हणजे माझी एसटी आणि तुझ्याकडचं जेवण, फी त्यातच आली.

हा कबुलीचा प्रश्न लोक फार हलका घेतात रे. सकाळच्या गर्दीत मी रोज बघतो. माणूस पहिल्यांदाच कोर्टात आलेला असतो, शेतातलं काम किंवा दुकान टाकून आलेला. कोणीतरी कानात सांगतं, "कबूल म्हण, हजार भर, बारापर्यंत घरी." आणि तो म्हणतो. आपण काय कबूल केलं ते त्याला निघताना विचारलं तर सांगता येत नाही.

एक टेम्पोवाला आठवतो. डेअरीच्या आवारात गाडी मागे घेताना एका म्हाताऱ्याच्या पायाला घासली. खरचटलं होतं, म्हातारा स्वतः चालत घरी गेला. पण जबाब नोंदला गेला आणि त्यात ते ठरलेलं वाक्य आलंच: "भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून." गाडी रिव्हर्समध्ये होती, सुध्या! भरधाव रिव्हर्स! मी इतक्या वर्षांत हे वाक्य नसलेली अपघाताची फिर्याद वाचलेली नाही. तर त्याच्यावर दंड संहितेचं कलम २७९, म्हणजे हयगयीने गाडी चालवणं, लागलं (न्याय संहितेत ते आता २८१ आहे), आणि त्याने पहिल्याच तारखेला कबूल म्हणून टाकलं. मोजून हजार रुपये. दोन वर्षांनी ड्रायव्हरच्या पक्क्या नोकरीसाठी अर्ज केला, चारित्र्य पडताळणी झाली, आणि कागदावर आलं: दोषी. तेव्हा तो माझ्याकडे आला. मी काय करणार? कबुलीवर झालेल्या शिक्षेला अपील नसतं. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढ्यापुरतंच बोलता येतं. हजार रुपये दोन्हीपैकी काहीच नव्हते. त्या दिवशी पंचनामा जरी कोणी वाचला असता तरी गाडी कुठल्या दिशेने होती ते कळलं असतं. आणि खरोखरच चूक असती तरी १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली ताकीद देऊन सोडा, असा अर्ज करता आला असता. त्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की असं सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. एक पानी अर्ज असतो. तो माणूस अजून दूधच वाहतो, आणि वाटेत भेटला की मलाच हात करतो, जणू मी त्याचं काही भलं केलं.

वकील परवडत नाही म्हणून लोक कबूल म्हणतात, हेही पूर्ण खरं नाही. कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. बायकांना तर उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. पाटी आहे, पण ती झेरॉक्सच्या दुकानामागे आहे.

तू विचारलंस म्हणून: दारूच्या केसेस मी घेतो का? घेतो. शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की कलम १८५, आणि ते रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच यावं लागतं. यंत्र नीट होतं का, कागद नीट आहेत का, ते तपासणं माझं काम. ते मी करतो. पण "साहेब, दोनच पेग होते" म्हणणाऱ्याला मी चहा पाजत नाही. अपघाताच्या केसेसमधले फोटोही माझ्याच फायलीत असतात.

आता पाचवं. तू त्यावर हसलास मेसेजमध्ये. "आणि मजा बघ, स्प्लेंडरवर ट्रिपल सीटचं चलन, जी मी २०१६ सालीच विकली!" सुध्या, बाकीची चारही चलनं एकीकडे आणि हे एकीकडे.

आरसी अजून तुझ्या नावावर आहे, नाहीतर चलन तुझ्याकडे आलंच नसतं. स्टॅम्प पेपरवर सही केलीस, पैसे मोजून घेतलेस, चावी दिलीस आणि आरटीओत गेला नाहीस. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे कोण हे कलम २ मध्येच सांगितलंय: ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, कलम ५०, फॉर्म २९. तू यातलं काहीच केलं नाहीस. उद्या त्या पोरांनी तिघं बसून कोणाला उडवलं, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक म्हणून नाव तुझं येणार. विम्याची पॉलिसी तू विकल्यावर भरलेली नाहीस, त्याने भरली असेल यावर मी चहाची पैज लावणार नाही. मग ते पैसे कोणाच्या खिशातून? सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात गाडी एकाने दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला अशी हात बदलत गेली होती. जबाबदार धरला तो आरसीवर नाव असलेला पहिला माणूस. त्या निकालाची प्रत मी पक्षकारांना द्यायला दहा-दहा काढून ठेवतो, इतके सुधीर या तालुक्यात आहेत.

म्हणून हे चलन भरून गप्प बसायचं नाही. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं याबद्दल जे माहीत आहे ते सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कामच आहे, आणि इथे ते तुझ्या फायद्याचं आहे. विकल्याचा कागद शोध. ज्याने घेतली त्याचं नाव, पत्ता, त्या वेळचा फोन, काही असेल ते. फॉर्म २९ आता तरी भर, उशिरा का होईना, आणि पोच घेऊन ठेव. पोच नसेल तर तू तिथे गेलाच नव्हतास असं समज. तो माणूस सापडला तर त्याला फॉर्म ३० वर, म्हणजे गाडी नावावर करून घेण्याच्या अर्जावर, सही करायला लाव. नाही सापडला तर मी अर्ज लिहून देतो.

बाय द वे, चलनाचा तो फोटो नीट बघितलास का? पोरं कोणीही असोत, गाडी आपलीच आहे. टाकीवर डाव्या बाजूला अजून तो खड्डा आहे, महाबळेश्वरहून उतरताना पसरणीच्या घाटात मी पाडला होता तो. मी, तू आणि मागे सामानाची पिशवी धरून बसलेला पक्या. एकाच्याही डोक्यावर काही नव्हतं. तेव्हा कॅमेरे नव्हते म्हणून आपण निर्दोष.

तो स्टॅम्प पेपर आईच्या लोखंडी कपाटात असेल, लाइट बिलांच्या फायलीत. तू तिथेच सगळं ठेवायचास. सापडला की फोटो पाठव. व्हॉइस मेसेज नको.

तुझा,
दिग्या

ता. क. पक्याला यातलं काही सांगू नकोस, त्याच्याही नावावर एक जुनी एम-एटी गाडी आहे. त्याला मी वेगळं लिहितो.