‘घरगुती उपचार’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरातले पाळीव प्राणी आणि लहान मुले या विषयावरचा लेख कालच्या अंकात वाचला. घरात कुत्रे पाळावे की नाही, पाहुण्यांची मुले आली की त्याला कुठे बांधावे, शेजाऱ्यांची तक्रार आली तर काय उत्तर द्यावे, या सगळ्याला तीन स्तंभ दिले आहेत. मुलाला कुत्रे चावलेच तर काय करावे याला मात्र एकच ओळ मिळाली, आणि त्या ओळीत ‘घरगुती उपचार’ करून मग डॉक्टरांकडे जावे असे सांगितले आहे. हे पत्र त्या दोन शब्दांसाठी आहे.

आपल्याकडे घरगुती उपचार म्हणजे काय करतात, हे कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. कुणी हळद दाबतो, कुणी चुना लावतो, कुणी कॉफीची पूड, आणि जुन्या वळणाच्या घरांत जखमेत चटणी भरतात. चटणी म्हणजे आपली लाल तिखटाची, डब्यातली.

गेल्या दिवाळीत पाडव्याला माझा शाळेपासूनचा मित्र सहकुटुंब आमच्याकडे फराळाला आला होता. बरोबर त्याचा सात वर्षांचा नातू होता. आमची चिंगी गावठी कुत्री आहे. २०१९ च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर शुक्रवार पेठेतल्या चिखलात सापडलेले हे पिल्लू तेव्हापासून आमच्याकडेच वाढले. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जर्मनच्या थाळीत दूध-भाकरी खात होती. मुलाला तिला स्वतःच्या हाताने भरवायचे होते म्हणून त्याने थाळी उचलली आणि चिंगीने त्याचा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात रुतले आणि रक्त आले. खाणाऱ्या कुत्र्याच्या थाळीला हात लावू नये हे त्या मुलाला आधी मी सांगायला हवे होते, आणि घरात पाहुण्यांचे मूल असताना तिला मागच्या दारी न्यायला हवे होते. ही चूक माझी आहे आणि ती मी त्याच दिवशी मित्रापाशी कबूल केली.

परंतु त्यानंतर जे घडले ते मला अजून विसरता येत नाही. वहिनी, म्हणजे मित्राची पत्नी, स्वयंपाकघरातून चटणीची वाटी घेऊनच बाहेर आल्या. त्यांच्या माहेरी भावाला कुत्रे चावले होते तेव्हा असेच केले होते आणि तो बरा झाला होता, असे त्यांचे म्हणणे होते. मी ती वाटी बाजूला केली, मुलाचा हात धरून त्याला मोरीत नेले, नळ सोडला आणि कपड्यांच्या साबणाने जखम धुऊ लागलो. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटे होईपर्यंत मी हात सोडला नाही. मूल रडत होते. मित्र दारात उभा राहून म्हणाला, ‘‘अरे, किती वेळ धुणार? पोराचा हात सोलून निघेल.’’ मग तसाच ओला हात घेऊन आम्ही रिक्षाने सरकारी रुग्णालय गाठले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जखम किती वेळ धुतली हाच. चिंगीच्या लसीकरणाची वही मी दाखवली, तरीही त्यांनी मुलाची लस थांबवली नाही. कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले. रक्त आले असल्याने जखमेभोवती वेगळे इंजेक्शन दिले, दंडात लस दिली आणि पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या: त्या दिवसापासून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. पोटात चौदा सुया टोचतात या भीतीने वहिनींचा जीव अर्धा झाला होता. तो प्रकार केव्हाच मागे पडला आहे, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळले.

मूल बरे आहे, चिंगीही बरी आहे. मित्र मात्र त्या दिवसापासून आमच्या घरी आलेला नाही. मी पोराला विनाकारण रडवले, सुनेसमोर वहिनींच्या हातातली वाटी काढून घेऊन त्यांचा अपमान केला, असे त्याच्या मनात बसले आहे. काल सकाळी त्याचा फोन आला. इतक्या महिन्यांनी आवाज ऐकून मला आनंद झाला. पण तो म्हणाला, ‘‘आजचा पेपर वाच. त्यात पण घरगुती उपचार करा म्हणूनच लिहिलंय.’’

संपादक महोदय, आपल्या एका ओळीने चटणीच्या वाटीला छापील आधार मिळाला आहे. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असते आणि साबणाने ते आवरण फुटते, म्हणून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे हा खरा पहिला उपचार आहे. चटणीने, चुन्याने जखम चिडते आणि विषाणू धुऊन जाण्याऐवजी आत राहतो. तो एकदा मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचला आणि लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या विषयात चुकीला दुसरी संधी नाही, त्या विषयात ‘घरगुती’ हा शब्द इतक्या सैलपणे कसा वापरता येतो? संशयित रेबीजग्रस्त प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेख तर मुलांवरच होता.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही लिहिले पाहिजे. दात विचकलेले, पट्टा ताणून धरलेले परदेशी जातीचे कुत्रे आपण छापले आहे. आमच्या गल्लीतल्या मुलांनी ते पाहिले आणि काल संध्याकाळी चिंगी दारात बसलेली दिसताच त्यातली दोघे पळाली. पळणाऱ्यामागे कुत्रे धावते, हे त्या लेखात कुठेच नाही. शिवाय घाबरवलेले, दटावलेले मूल ओरखडा उठला तरी घरी सांगत नाही, कारण बोलणी बसतील अशी त्याला धास्ती असते. मला सगळ्यात जास्त भीती त्या न सांगितलेल्या ओरखड्याची वाटते.

माझी विनंती अशी आहे की, दुरुस्ती कोपऱ्यात दोन ओळींत न देता त्याच पानावर, ठळक अक्षरांत द्यावी. साबण, वाहते पाणी, पंधरा मिनिटे. हळद, चुना, चटणी काहीही लावायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे आणि लसीच्या सगळ्या तारखा पाळायच्या, एवढे त्यात असावे. माझ्या मित्राकडे गेली कित्येक वर्षे आपलेच दैनिक येते. मी सांगितलेले त्याला पटले नाही. आपल्या अंकात छापून आले तर तो वहिनींना वाचून दाखवेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर