म्हणी अनामिक नव्हेत

आयर्लंडच्या खेड्यांतील म्हणींवरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. पण त्या म्हणी ‘अनामिकांच्या तोंडून’ आल्या, हे विधान पटले नाही. १९३७ ते १९३९ या काळात तेथील २६ परगण्यांतल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांमधून हे लोकधन जमवले गेले. वरच्या वर्गांतील मुलांनी निबंधाऐवजी आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा, घरगुती औषधे आणि म्हणी वह्यांत उतरवल्या. त्यांतल्या कित्येक नोंदींत सांगणाऱ्याचे नाव आणि गाव आहे, कुठे कुठे वयही. (अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी हे केले, याचे मला फार कौतुक वाटते.) त्या वृद्ध शेतकऱ्यांना, गृहिणींना अनामिक ठरवणे अन्यायाचे आहे.

अर्थात म्हण जिथे सापडली तिथेच ती जन्मली, असेही नसते. ‘दूरच्या टेकड्या हिरव्या’ असे आयरिश माणूस म्हणतो. आपण ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतो. अशा म्हणीला एकच जन्मगाव देण्यापेक्षा ती कोणी, कुठे सांगितली हे लेखात छापले असते, तर वाचकाला अधिक मिळाले असते.

– एक वाचक, सातारा