लस म्हणजे चादर नव्हे

संपादक साहेब, परवा कट्ट्यावर विषय निघाला, लस बाहेरून स्वस्त मिळत असेल तर इथं कारखाने कशाला पोसायचे, पानिपतची चादर स्वस्त म्हणून सोलापुरातच लोक घेतात की. अहो पण चादर उशिरा आली तर जुनी अंगावर घेता येते, लसीचं काय?

2021 च्या मे महिन्यात आईच्या कोरोनाच्या लसीच्या, कोविशिल्डच्या, दुसऱ्या डोससाठी मी पहाटे पाचला रांगेत चप्पल ठेवून नंबर लावलेला आणि अकराला गेटवर कागद चिकटवला, लस शिल्लक नाही. ही लस बनत होती पुण्यात, अडीचशे किलोमीटरवर! मग सगळी बाहेरूनच आणणाऱ्यांचे काय हाल, कारण तेव्हाच आपण निर्यात थांबवली आणि आफ्रिकेतले देश बसले वाट बघत. शिवाय फायझरची लस सुरुवातीला उणे 70 डिग्रीत ठेवावी लागायची, इथं एप्रिलमध्ये पारा 42 आणि लाईटचा नेम नाही. कोविशिल्ड निदान 2 ते 8 डिग्रीत, फ्रीजमध्ये टिकायची.

पण सगळं खासगी कंपन्यांवर सोडणं पण मला पटत नाही. शास्त्रज्ञ हाफकिन साहेबांनी 1897 ला सरकारसाठी मुंबईतच प्लेगची लस तयार केली, आणि 2008 ला कसौली, कुन्नूर, चेन्नईच्या सरकारी लस संस्थांचे परवाने आपणच निलंबित केले, 2010 ला परत दिले. नियमात बसत नव्हत्या म्हणे, मग दुरुस्तीला आधीच पैसे का नाही दिले?

– एक वाचक, सोलापूर