ओले सोयाबीन आणि ओलाव्याची अट

मा. संपादक,

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातले सोयाबीन ऐन काढणीच्या तोंडावर पाण्यात सापडले. रानात वाफसा नसल्याने हार्वेस्टर आत जाईना, म्हणून चिखलात विळ्याने कापलेले पीक आम्ही डोक्यावरून सडकेपर्यंत आणले आणि ताडपत्रीखाली त्याची गंज लावली. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली, तर आतून वाफ निघाली. तळाच्या शेंगांना पांढरे कोंब फुटले होते. झाकावे तर कुजते, उघडे ठेवावे तर भिजते.

2025-26 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये असला, तरी सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्क्यांची होती. 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली खरी, पण नोव्हेंबरच्या मध्यात. तोवर ज्यांना दिवाळी आणि रब्बीच्या पेरणीसाठी पैसा हवा होता, त्यांचा माल मिळेल त्या भावाने आडतीवर गेला होता. (आमचाही गेला.) ही सवलत काढणीपूर्वीच जाहीर करावी आणि गावोगावी ओलावामापक यंत्र उपलब्ध करावे, म्हणजे माल वाळला की नाही हे खरेदी केंद्राच्या रांगेत कळणार नाही, घरीच कळेल.

– एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर